ईईजी : मेंदूचा अर्ध्या तासाचा आलेख

(गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावामागे 'डॉक्टर' छापले गेले आहे. ती छापखान्याची कृपा. मी ईईजी काढणारी तंत्रज्ञ आहे. रुग्णांच्या डोक्याला तारा लावण्याचे काम मी सव्वीस वर्षे करते आहे. कोणते औषध घ्यावे, किती घ्यावे, हे मी आज सांगणार नाही. तो माझा अधिकार नव्हे. पण डॉक्टरांसमोर माणूस दहा मिनिटे बसतो आणि माझ्यासमोर तासभर. तारा लावता लावता लोक बोलतात. त्या बोलण्यातून जे शिकले, ते सांगायला आले आहे.

एका प्रसंगापासून सुरुवात करते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. चोवीस वर्षांची मुलगी आईबरोबर आली होती. कॉलेजात असताना तिला फिट यायच्या, गोळ्या सुरू झाल्यावर थांबल्या, त्याला दीड वर्ष झाले होते. लग्न ठरले होते. आलेख काढून झाला, तेव्हा आईने हळूच विचारले, "ताई, चांगला आला ना? मग आता गोळ्या बंद. सासरी कोणी विचारलेच तर दाखवायला हा कागद पुरे." मी नेहमीचे उत्तर दिले, "रिपोर्ट डॉक्टर देतील," आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. पण बाईंचा समज कुठे चुकतो आहे हे मला दिसत होते, आणि आधी डॉक्टरांना भेटा एवढे तरी मी म्हणायला हवे होते. त्या मुलीकडे मी पुढे परत येते.

ईईजी म्हणजे काय ते आधी पाहू. मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेच्या भाषेत बोलतात. ही वीज किती? टॉर्चच्या सेलमध्ये दीड व्होल्ट असतात. त्याचा साधारण तीस हजारावा भाग डोक्याच्या त्वचेपर्यंत पोहोचतो. ती मोजता येते हे जर्मनीतील येना येथील मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी दाखवले. माणसाचा पहिला आलेख त्यांनी १९२४ मध्ये घेतला आणि खात्री करून घेत पाच वर्षे थांबून १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. तरी लोकांचा विश्वास बसेना. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा कुठे मान्यता मिळाली.

आमचे काम टेपने डोके मोजण्यापासून सुरू होते. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. त्या अंतराच्या १० आणि २० टक्क्यांवर खुणा करायच्या, म्हणून पद्धतीचे नावच 'टेन-ट्वेंटी'. कान धरून २१ ठिकाणी पेस्टने छोट्या चकत्या चिकटवायच्या. आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका, असे आम्ही बजावून सांगतो. तरी कितीतरी जण चापूनचोपून तेल लावून येतात. दवाखान्यात जायचे म्हणजे नीटनेटके दिसायला नको का! मग त्या तेलावर चकती काही चिकटत नाही आणि आमची निम्मी सकाळ केस पुसण्यात जाते.

दुसरी भीती शॉकची. "ताई, करंट देणार का?" हा प्रश्न ऐकला नाही असा आठवडा जात नाही. या यंत्रातून आत काहीही जात नाही. आतून जे येते ते फक्त लिहिले जाते. पूर्वी शाईच्या लेखण्या सरकत्या कागदावर लिहीत, सेकंदाला तीन सेंटिमीटर. वीस मिनिटांच्या तपासणीला ३६ मीटर कागद लागायचा. आता सगळे संगणकावर दिसते.

फिट म्हणजे या विजेचा गोंगाट. एरवी पेशी आपापल्या वेळी बोलतात. फिटमध्ये पुष्कळ पेशी एकदम, एका सुरात ओरडू लागतात. असे झटके कारणाशिवाय पुन्हापुन्हा येण्याची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार. दोन झटक्यांच्या मधल्या काळातही काहींच्या आलेखात टोकदार लाटा सापडतात आणि डॉक्टरांना दिशा मिळते. पण माझ्या आजच्या बोलण्यातले मुख्य वाक्य हे आहे : अपस्मार असलेल्या माणसाच्या पहिल्या ईईजीत अशी खूण सापडण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहूनही कमी असते. जागरण करून, झोपेतला आलेख घेऊन किंवा तपासणी पुन्हा करून ती वाढते, तरी काहींच्यात ती कधीच दिसत नाही. आम्ही जेमतेम अर्धा तास खिडकीतून डोकावतो. त्या अर्ध्या तासात रस्त्यावर भांडण दिसले नाही, म्हणून गल्लीत भांडणे होत नाहीत असे थोडेच आहे?

उलटही घडते. शंभरात एखाद्याहूनही कमी निरोगी प्रौढांच्या आणि त्याहून थोड्या अधिक मुलांच्या आलेखात अशा लाटा दिसतात, आणि त्यांना जन्मात फिट येत नाही. प्रार्थनेला उभे राहून चक्कर आलेल्या मुलीला असा कागद हातात पडल्यामुळे वर्षानुवर्षे गोळ्या खाव्या लागल्याचे मी पाहिले आहे.

मग निदान कशावर होते? ज्याने झटका पाहिला त्याच्या सांगण्यावर. आपल्या कर्नाटकातलेच उदाहरण देते. दिवाळीत अभ्यंगस्नानाला बसलेला दहा वर्षांचा मुलगा डोक्यावर कढत पाण्याचे तांबे पडताच शून्यात बघू लागला, काहीतरी पुटपुटला आणि पाटावरून कलंडला. ईईजी स्वच्छ. स्कॅन स्वच्छ. घरचे म्हणाले, नजर लागली. मी तारा काढत असताना आजी म्हणाली, "याला डोक्यावरून न्हाऊ घातले की अस्सेच होते, अंगावर पाणी घेतले की काही नाही." ते वाक्य मी डॉक्टरांच्या कानावर घातले आणि निदान झाले. या प्रकाराला 'हॉट वॉटर एपिलेप्सी' म्हणतात. जगात तो विरळा, पण दक्षिण कर्नाटकात पुष्कळ आढळतो. येथील डॉ. के. एस. मणी आणि नंतर निम्हान्सचे डॉ. पी. सतीशचंद्र यांनी त्याचा मोठा अभ्यास केला. बहुतेकांचा ईईजी झटक्यांच्या मधल्या काळात अगदी नॉर्मल असतो. उपाय पुष्कळदा साधा : कोमट पाणी, डोक्यावर एकदम न ओतता हळूहळू. लागलेच तर न्हाण्याआधी डॉक्टरांनी सांगितलेली गोळी. शोधले ते आजीने, माझ्या यंत्राने नव्हे.

म्हणून आता आम्ही घरच्यांना सांगतो, झटका आला तर एकाने रुग्णाला सांभाळावे आणि दुसऱ्याने मोबाइलवर चित्रण करावे. पुष्कळांना हे निर्दयपणाचे वाटते. पण डोळे उघडे होते की मिटलेले, झटका एका हातापासून सुरू झाला की दोन्ही, मान कुठे वळली, हे घाबरलेल्या माणसाला नंतर आठवत नाही.

ईईजीचे कौतुकही करायला हवे, नाहीतर मी स्वतःच्याच पोटावर पाय द्यायची. शाळेतून 'लक्ष नसते, तंद्रीत असतो' असे शेरे मिळालेले मूल येते. त्याला तीन मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला सांगायचे. मध्येच ते थांबते, नजर स्थिर होते आणि पडद्यावर सेकंदाला तीन अशा लयीत लाटा धावू लागतात. दहा सेकंदांनी मूल पुन्हा श्वास घेऊ लागते, जणू काही झालेच नाही. हा नमुना १९३५ मध्ये अमेरिकेत गिब्ज, डेव्हिस आणि लेनक्स यांनी ओळखला. त्या मुलाला मारू नका, त्याला औषध हवे आहे, हे आमचा कागद ठामपणे सांगतो. गोळ्यांनी ज्यांचे झटके थांबत नाहीत, असे साधारण एक तृतीयांश रुग्ण असतात. त्यांना व्हिडिओ-ईईजीवर दिवसचे दिवस ठेवून झटक्याचा उगम शोधतात. काहींवर शस्त्रक्रियाही होते. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत हे काम १९९५ पासून चालू आहे.

आता ती मुलगी. लग्नाच्या पंधरा दिवस आधी गोळ्या एकदम बंद केल्या होत्या. लग्नानंतर काही दिवसांतच तिला एकामागून एक झटके आले आणि ती अतिदक्षता विभागात आली. औषधांनी हातपाय शांत झाले, पण शुद्ध येईना. मला यंत्र घेऊन खाटेपाशी बोलावले. बाहेरून गाढ झोपेत असावी असा चेहरा होता आणि पडद्यावर झटका चालूच होता. शरीर थांबले, मेंदू थांबला नव्हता. हे ईईजीशिवाय कळत नाही. त्या आलेखावरून औषध वाढवत नेले आणि तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले. नवरा दाराशी उभा होता. त्याने मला एकच विचारले, "हे आधीपासून होते का?" मी म्हटले, "डॉक्टरांना विचारा." दुसऱ्यांदा तेच उत्तर.

तो तिला सोडून गेला नाही. तपासणीला अजूनही तोच घेऊन येतो. पण आपल्याला कोणी सांगितले नाही, हे त्याच्या मनातून गेलेले नाही, हेही खरे.

आईला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. तिची भीती पिढ्यान्पिढ्यांची आहे. एके काळी कायदाच तसा होता. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात अपस्मार हा लग्नाला अडथळा मानला जाई. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? मागे एका वधूवर मेळाव्यात मी विचारले होते, एकही हात वर आला नाही. आणि गोळ्या कधी थांबवायच्या हा निर्णय निदान दोन वर्षे झटके नसल्यावर, अपस्मार कोणत्या प्रकारचा आहे ते पाहून, डॉक्टर घेतात. आणि त्या हळूहळू कमी करतात. ईईजी त्यातला एक मुद्दा असतो, परवानगीपत्र नव्हे.

आरतीची वेळ होत आली आहे, तेव्हा दोन कामाच्या गोष्टी सांगते. कोणाला फिट आली तर कांदा, चप्पल, किल्ल्या काही हुंगवू किंवा हातात देऊ नका. तोंडात चमचा घालू नका, दात तुटतात. आजूबाजूचे टोकदार सामान हलवा, झटका ओसरताच कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालय गाठा. आणि कोणाचा ईईजी ठरला असेल, तर डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर नेहमीची गोळी घेऊनच या, जेवूनखाऊन या, ज्याने झटका पाहिला त्याला बरोबर आणा, आणि कृपा करून तेल लावू नका.