शेनेर लेव्हेंत : देशद्रोहाचा शिक्का आणि लेखणी



सायप्रस हे नाव आपणा भारतीयांना अगदीच परके नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे नेतृत्व करीत असताना जनरल थिमय्या यांनी १८ डिसेंबर १९६५ रोजी याच बेटावर देह ठेवला. ग्रीक आणि तुर्क सायप्रसवासीयांमधील ज्या रक्तपातामुळे ही सेना तेथे गेली, त्याच वैरातून पुढे बेट दुभंगले. जुलै १९७४ मध्ये ग्रीसच्या लष्करशहांच्या चिथावणीने तेथे बंड झाले आणि पाठोपाठ तुर्की सेना उतरली. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी उत्तर भागाने स्वतंत्र प्रजासत्ताकाची घोषणा केली. सुरक्षा परिषदेने ती अवैध ठरविली. या राज्याला मान्यता देणारा देश एकच, तुर्कस्तान.

१९६३ नंतर कोंडलेल्या वस्त्यांत दिवस काढलेल्या अनेक तुर्क सायप्रसवासीयांना तुर्की सेना तारणहार वाटली, यात नवल नाही. परंतु तारणहारच धनी होऊन बसला, तर त्याला जाब कोणी विचारावा? त्याच समाजात वाढलेल्या शेनेर लेव्हेंत या पत्रकाराने तो विचारला.

ही वाट सुरक्षित नव्हती. अहमेत गुर्कान आणि आयहान हिकमेत या दोन तुर्क सायप्रसी पत्रकारांची एप्रिल १९६२ मध्ये हत्या झाली होती. ६ जुलै १९९६ रोजी स्तंभलेखक कुतलू अदाली यांना राहत्या घरासमोर गोळ्या घालण्यात आल्या. त्या खुनाचा तपास नीट झाला नाही, असा ठपका युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००५ मध्ये तुर्कस्तानवर ठेवला.

अदालींच्या हत्येनंतरच्याच वर्षी लेव्हेंत यांनी 'आव्रुपा', म्हणजे 'युरोप', हे दैनिक काढले. जुलै २००० मध्ये हेरगिरीच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. काही दिवसांत सुटका झाली. पुढे छापखान्यात बॉम्बस्फोट घडविले गेले. दंडाच्या ओझ्याखाली डिसेंबर २००१ मध्ये पत्र बंद पडले, तेव्हा त्यांनी ते 'आफ्रिका' या नावाने पुन्हा काढले. येथे कायदा नव्हे, जंगलचा न्याय चालतो, असे सुचविणारी ती बोचरी कोटी होती. नेते रऊफ देंकताश यांच्या अवमानाबद्दल ऑगस्ट २००२ मध्ये लेव्हेंत आणि सहकारी मेमदुह एनेर यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. अपिलात ती सहा आठवड्यांवर आली.

जानेवारी २०१८ मध्ये तुर्की सेना सीरियातील आफ्रिनमध्ये शिरली. 'आफ्रिका'ने या मोहिमेची १९७४ शी तुलना करून तिला तुर्कस्तानचे आणखी एक आक्रमण म्हटले. राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी उत्तर सायप्रसमधील आपल्या बांधवांना उत्तर देण्याचे आवाहन केले. दुसऱ्याच दिवशी, २२ जानेवारीला, जमावाने कचेरीवर दगडफेक केली. मात्र चार दिवसांनी हजारो तुर्क सायप्रसवासी भर पावसात हिंसेविरुद्ध रस्त्यावर उतरले. हल्लेखोरांपैकी सहा जणांना तुरुंगवास झाला. पुढे एर्दोआन यांच्यावरील व्यंगचित्राच्या खटल्यातून मे २०१९ मध्ये तेथीलच न्यायालयाने लेव्हेंत यांना निर्दोष सोडले.

त्याच महिन्यात 'यास्मिन', म्हणजे जाईच्या नावाने उभ्या राहिलेल्या चळवळीतर्फे ते युरोपीय संसदेची निवडणूक लढले. सायप्रस २००४ मध्ये युरोपीय संघात गेल्याने उत्तरेतील तुर्क सायप्रसवासीयांनाही तो अधिकार होता. लेव्हेंत हरले. निवडून आले ते दुसऱ्या पक्षाचे नियाझी किझिलयुरेक, त्या संसदेतील पहिले तुर्क सायप्रसवासी.

मतपेटीने त्यांना काही दिले नाही. तरीही त्यांच्या कारकिर्दीचे मोल कमी होत नाही. ज्या राज्याच्या अस्तित्वालाच मान्यता नाही, तेथे प्रत्येक टीका राज्याच्या मुळावर उठल्यासारखी भासते आणि टीकाकार सहज देशद्रोही ठरतो. लेव्हेंत यांच्या प्रत्येक मताशी सहमत होण्याचे कारण नाही. पावसात भिजलेले ते सगळे तरी कोठे सहमत होते? लेख पटला नाही तर त्याला लेखाने उत्तर द्यावे, दगडाने नव्हे, एवढेच सांगायला ते आले होते. ज्या समाजात असे सांगणारे हजारोंनी घराबाहेर पडतात, त्या समाजाचा विवेक जागा आहे, असे निःशंक म्हणावे.