अपस्माराचे औषध आणि बालकांचे मूत्रपिंड



लेकराला फेफरे आले की घरादाराचा धीर सुटतो. कोणी कांदा हुंगवितो, कोणी चप्पल. पुढे औषध सुरू होते, फेफरे थांबते आणि मग दुसरीच शंका मनात घर करते : रोजच्या या औषधाने मुलाचे मूत्रपिंड तर बिघडणार नाही ना? ही शंका अनाठायी नाही. परंतु तिच्यापायी औषध परस्पर बंद करणे अधिक घातक आहे.

बहुसंख्य मुलांच्या मूत्रपिंडांना या औषधांपासून इजा होत नाही. तथापि दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. टोपिरामेट व झोनिसामाइड या औषधांमुळे रक्तातील आम्लता वाढते आणि लघवीतील सायट्रेट घटते. सायट्रेट हे कॅल्शियमचे क्षार विरघळलेले ठेवते. ते उणे पडले की मूतखडा धरू शकतो. दुसरे औषध व्हॅल्प्रोएट. त्याचा अपस्मारावरील गुण १९६२ साली फ्रान्समध्ये लक्षात आला. क्वचित, विशेषतः अंथरुणास खिळलेल्या व नळीवाटे अन्न घेणाऱ्या मुलांत, दीर्घकाळ दिल्यास त्यामुळे मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिका दुबळ्या होतात. शरीरास हवे असलेले फॉस्फेट व साखर लघवीवाटे वाहून जाते आणि हाडे मऊ पडतात. वेळीच ओळखून डॉक्टरांनी औषध बदलल्यास हा दोष बहुधा भरून येतो.

लघवीत रक्त, लघवी करताना रडणे, पोटात वा कुशीत कळ, वारंवार उलट्या, अतिशय तहान, खुंटलेली वाढ, वाकलेले पाय यांपैकी काही दिसल्यास मुलास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. लघवी व रक्ताच्या साध्या तपासणीने पुष्कळसा उलगडा होतो.

शिक्षकांना विनंती, की अशा मुलास वर्गात पाणी पिऊ द्यावे आणि लघवीस जाण्यास आडकाठी करू नये. टोपिरामेटने घाम कमी येतो; म्हणून त्यास कडक उन्हात उभे करू नये. अधिकारी बंधूंनी आरोग्य केंद्रातील औषधांचा साठा खंडित होऊ देऊ नये. कारण औषध एकाएकी तुटल्यास लागोपाठ झटके येऊन मुलाच्या जिवावर बेतू शकते.

मातापित्यांनो, भीतीपोटी गोळी लपवू नका आणि संकोचापोटी लक्षण लपवू नका. डॉक्टरांनी सुरू केलेले औषध त्यांच्याच सल्ल्याने बदलावे, हेच बालकाच्या हिताचे आहे.