दिसायला सारखे, म्हणून भाऊबंद?

हेडफोन लावलेत ना? मग आज सुरुवात माझ्याच फजितीने.

आमच्या ॲपमध्ये काही युजर्सना कोरी पांढरी स्क्रीन दिसत होती. तीन तक्रारी आल्या. मी तिन्ही एकाच नावाखाली टाकल्या, एक बग काढला आणि निवांत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोन परत हजर! बाहेरून दिसणं एकच, पण आतली कारणं वेगळी.

अशीच एक गोष्ट समुद्रातल्या रेडिओलेरियाची. हे तरंगणारे एकपेशीय जीव. बहुतेक जण मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. पण सांगाडे बघाल तर बघतच राहाल: जाळीदार गोळे, काटेरी चेंडू, छोट्या घंटा!

१८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर नावाचं ब्रिटिश जहाज जगभरच्या समुद्रांतून नमुने गोळा करत फिरलं. त्यातले रेडिओलेरिया जर्मनीच्या अर्न्स्ट हेकेलकडे आले. १८८७ साली त्याचा अहवाल निघाला. ४,३०० हून जास्त जाती, त्यातल्या सुमारे ३,५०० नव्या, आणि १४० चित्रपटले. हे सगळं मायक्रोस्कोपला डोळा लावून!

त्याने चार मोठे गट केले. स्पुमेलारिया, म्हणजे बरेचसे गोल किंवा चपटे. नॅसेलारिया, साधारण घंटेसारखे. अकँथारिया, ज्यांचे काटे स्ट्रॉन्शियम सल्फेटचे. आणि फिओडारिया, ज्यांच्या पेशीत तपकिरी गोळा असतो. बाकी तिघांचे सांगाडे सिलिकाचे, म्हणजे काचेच्या जातीचे. आता सांगा, यातला परका कोण? मी तर डोळे झाकून अकँथारिया म्हटलं असतं.

साफ चूक! २००४ मध्ये जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा फिओडारिया परके निघाले. त्यांचे खरे नातेवाईक सर्कोझोआ नावाच्या दुसऱ्याच गटात आहेत. अकँथारिया मात्र घरातच राहिले. एकाच समुद्रात तरंगताना दोन घराण्यांनी काचेचे सांगाडे वेगवेगळे घडवले, इतकंच.

मग आकार बघणं सोडूनच द्यायचं का? नाही ना. खडकात सापडणाऱ्या जीवाश्मांत जनुकं कुठून मिळणार? तिथे हातात फक्त सांगाडा. कुठली जात कधी आली, कधी संपली यावरून भूवैज्ञानिक खोल समुद्रात तयार झालेल्या खडकांचं वय काढतात. दोन वेगळ्या जातींना एकच नाव पडलं, तर वयच चुकतं. त्यात अकँथारियाचे काटे मेल्यानंतर समुद्राच्या पाण्यात विरघळतात, त्यामुळे त्यांचा मागच राहत नाही.

नावांचा एक नियम मला फार आवडला. जातीच्या नावापुढे ते देणाऱ्याचं नाव आणि साल लिहितात. पुढे ती जात दुसऱ्या प्रजातीत हलवली, तर तेच नाव आणि साल कंसात जातं. म्हणजे कंस दिसला की समजायचं, हिचं घर बदललंय. कोड लिहिणाऱ्यांनो, ही तर चालतीबोलती हिस्टरी!

हेकेलला मी चुकीचा म्हणणार नाही. त्याने कशावरून गट केले ते लिहून आणि काढून ठेवलं, म्हणून पुढच्यांना ते तपासता आले. मी तिन्ही तक्रारी एकत्र का टाकल्या, हे कुठेच लिहिलं नव्हतं. आता लिहितो. एकच ओळ, पण लिहितो.

चला, भेटू पुढच्या भागात!