कडी, कोयंडा आणि आपण
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



अशा मंगलप्रसंगी एका गंजलेल्या लोखंडी तुकड्याविषयी बोलणार आहे, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो.

तिरुवैयारु येथे कावेरीकाठी आमचे वडिलोपार्जित घर आहे. पुष्य बहुल पंचमीला त्यागराजस्वामींच्या आराधनेसाठी पाहुणे येतात, तेव्हा आतल्या खोलीला कुलूप घालावे लागते. गतवर्षी नेमका तिच्या चौकटीतला, कडी अडकविण्याचा वेढा तुटला. परगावच्या एका व्यापाऱ्यास मी इंग्रजीत पत्र लिहिले. ‘रिंग’ म्हटले, तर किल्ल्या अडकविण्याची कडी आली. ‘हुक’ म्हटले, तर पडद्याचे आकडे आले. दोष माझाच होता. कोश उघडून पाहिला. परंतु कोश शब्दाकडून वस्तूकडे नेतो. माझ्या हाती वस्तू होती, शब्द नव्हता.

अखेर गावातील वृद्ध सुतारास तो तुकडा दाखविला. तो तत्काळ म्हणाला, ‘नादांगी!’ तमिळमध्ये ‘ना’ म्हणजे जीभ आणि ‘तांगी’ म्हणजे धरून ठेवणारी. ते ऐकताच आजीचे रोजचे सांगणे कानांत घुमले: ‘कडी कोयंड्यात घाल, मग कुलूप लाव.’ भाग दोन, नावेही दोन! मग इंग्रजीचा उलगडा झाला. कडीच्या जागी दारावर बसविलेली, बिजागरीवर हलणारी खाचेची पट्टी ती ‘हॅस्प’. चौकटीत दोन पाय रोवून बसलेला कोयंडा तो ‘स्टेपल’. भाचा हसून म्हणाला, ‘मामा, ती तर कागदाची पिन!’ खरेच आहे. ती पिन म्हणजे कोयंड्याची धाकटी बहीणच. पुढील पत्रात मी ‘स्टेपल’ लिहिले, सळईची जाडी आणि दोन पायांमधील अंतर कळविले. वस्तू बिनचूक आली.

परभाषेतून शब्द घेण्यात कमीपणा नाही. ‘चावी’ हा पोर्तुगीज शब्द मराठीने घेतला, तमिळनेही घेतला. खंत निराळीच आहे: कोयंडा माझ्या घरातच होता आणि मला तो सर्वांत शेवटी आठवला. शिवछत्रपतींच्या प्रेरणेने राजव्यवहारकोश सिद्ध झाला. सरफोजी महाराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. तंजावरचे मराठी राज्य १८५५ मध्ये संपले. तेव्हापासून या प्रांतातील आपली मराठी माजघराच्या आधाराने टिकली आहे. तिची पोथी आजीच्या जिभेवर होती. त्या जिभेला धरून ठेवणारी नादांगी आपणच व्हावयास हवे.

म्हणून मंडळास नम्र सूचना आहे. दार, चूल, विहीर, देवघर येथील वस्तूंची नावे प्रत्येक कुटुंबाने वडीलधाऱ्यांना विचारून मराठी, तमिळ व इंग्रजी अशा तीन रकान्यांत लिहून द्यावीत. शक्य तेथे वस्तूचे चित्रही काढावे. ज्यांना ही नावे ठाऊक आहेत, ते आज आपल्यात बसले आहेत. हीरक महोत्सवाची वाट पाहण्याइतकी सवड आपल्यापाशी नाही.

आमच्या घरचा पहिला शब्द मी आज देऊन ठेवतो: कोयंडा.