वस्तऱ्यासाठी एकच दगड
(नभोवाणीवरील भाषण)



आजोबांचा वस्तरा घरात जपून ठेवलेला आहे, आता त्याने दाढी करून बघायची आहे, तर धार लावायला एकच दगड घ्यायचा झाल्यास कोणता घ्यावा, असं मला बरेच जण विचारतात. त्यावर मी आधी उलट विचारतो: धार नव्याने घडवायची आहे, की घडलेली टिकवायची आहे? ही दोन वेगळी कामं आहेत आणि बाजारातले बहुतेक दगड त्यांतलं एकच काम नीट करतात. दोन्ही कामं करणारा एक दगड मला ठाऊक आहे. तो बेल्जियममध्ये सापडतो, रंगाने फिकट पिवळा असतो आणि त्याचं नाव कोटिक्यूल. आज मी त्याचीच बाजू मांडणार आहे.

आधी वस्तऱ्याबद्दल थोडं सांगतो. सुरीला किंवा कोयत्याला धार लावताना दगडाशी कोन किती ठेवायचा, हे आपल्या हाताने ठरवावं लागतं आणि नवशिक्याचा हात तिथेच डळमळतो. वस्तऱ्याचा कोन मात्र तो घडवणाऱ्यानेच बसवून दिलेला असतो. पातं दगडावर आडवं टाकलं की त्याची जाड पाठ आणि धार एकाच वेळी दगडाला टेकतात. पाठीची जाडी पात्याच्या रुंदीच्या पावाहून किंचित जास्त असते, त्यामुळे धारेचा कोन साधारण १५ ते १८ अंशांचा येतो. वर्षानुवर्षं घासून धार झिजते तशी पाठही झिजते आणि कोन फारसा बदलत नाही. जर्मनीतल्या झोलिंगनचा वस्तरा असो की इंग्लंडमधल्या शेफील्डचा, रचना हीच. म्हणून मी म्हणतो, वस्तऱ्याला धार लावणं सुरीपेक्षा अवघड आहे ही समजूत खरी नाही. ते जास्त नाजूक आहे, इतकंच.

नाजूक अशासाठी की धार म्हणजे दोन सपाट उतार जिथे एकमेकांना मिळतात ती रेघ. हे उतार टोकापासून मुठीपर्यंत पूर्ण मिळाले नसतील, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. त्यासाठी आधी भरड दगड लागतो आणि नंतर त्याने पाडलेले ओरखडे पुसायला बारीक दगड लागतात. कारखान्यात बनवलेल्या दगडांवर आकडे असतात. उदाहरणार्थ, नॉर्टन कंपनीच्या १००० नंबरच्या दगडातला कण सुमारे १४ मायक्रॉनचा, ४००० मधला ६ आणि ८००० मधला ३ मायक्रॉनचा. आपला केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून या कणांची कल्पना यावी. रीतसर काम करायचं तर असे तीन-चार दगड ओळीने वापरतात.

मग एकच दगड का? पैसा हे एक कारण झालं. पण मला त्याहून मोठं वाटणारं कारण वेगळं आहे. पात्यावर किती भार द्यायचा, पाणी कधी शिंपडायचं, दगडाचा आवाज कधी बदलतो, हे हाताला समजायला वेळ लागतो. चार दगडांवर तो वेळ वाटला गेला की हात एकाही दगडाशी नीट परिचित होत नाही. धार आली नाही की दोष दगडाला देऊन माणूस पाचवा दगड आणतो.

आता एकट्याने काम करू शकतील असे इतर दगड पाहू. नॉर्टनचा एका बाजूने ४००० आणि दुसऱ्या बाजूने ८००० असा जोडदगड पुष्कळांकडे असतो आणि तो चांगला आहे, पण बोथट वस्तऱ्याचे उतार त्याच्यावर घडवायला बसलात तर दमून जाल. नानिवा कंपनीचा १२००० नंबरचा दगड शेवटचा हात देण्यापुरता उत्तम. अमेरिकेतल्या आर्कान्सॉचा दगड टणक आणि संथ. झालेली धार उजळायला ठीक. जर्मनीतल्या थुरिंगियाच्या पाट्यांची कीर्ती मोठी, पण जुन्या पाट्या आता संग्राहकांच्या किमतीला जातात. क्योटोजवळच्या डोंगरांतले जपानी दगड अप्रतिम असतात, मात्र दोन शेजारचे तुकडेही सारखे निघत नाहीत. ते निवडायला पारखी नजर लागते आणि ती नवख्याकडे कुठून असणार?

कोटिक्यूल बेल्जियमच्या आर्देन भागात, व्हिएल्साल्म आणि लिएर्न्यू या गावांच्या परिसरात मिळतो. सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचा पुढे खडक झाला आणि त्यात हे पिवळे थर तयार झाले. थर पातळ असतात, काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत. त्यांच्या दोन्ही अंगांना निळसर जांभळा खडक असतो. पिवळा थर एकटा ठेवला तर मोडेल, म्हणून त्याला पाटीच्या दगडाचा आधार चिकटवतात. कधी निळा खडक निसर्गतःच पाठीला जडलेला मिळतो. जगभरच्या न्हाव्यांना हा दगड पुरवणाऱ्या तिथल्या खाणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक करून बंद पडल्या. पुढे एक खाण पुन्हा सुरू झाली, म्हणून आज नवा दगड मिळू शकतो. सालमशातो इथे जुन्या कारागिरीचं संग्रहालयही आहे.

या दगडाचं सामर्थ्य त्याच्यातल्या गार्नेट या खनिजात आहे. अभ्रकाच्या मऊ भुकटीत गार्नेटचे स्फटिक गच्च बसलेले असतात. स्फटिक आकाराने फार लहान नाहीत, ५ ते १५ मायक्रॉनचे सहज असतात. हिशेबाने पाहिलं तर अशा दगडाने खरखरीत धार द्यायला हवी. पण या स्फटिकांना साधारण १२ पैलू असतात आणि त्यांचे कोपरे बोथट कोनांचे असतात. ते पोलादात खोल रुतत नाहीत, उथळ रेघ ओढतात. म्हणून कोटिक्यूलवरची धार कातडीला सौम्य लागते. ज्यांची कातडी हळवी आहे, त्यांनी तर हाच दगड घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन.

आता पाण्याची करामत ऐका. दगडाबरोबर त्याच जातीचा एक लहान तुकडा मिळतो. मोठ्या दगडावर पाणी शिंपडून हा तुकडा आपण सहाणेवर चंदन उगाळतो तसा फिरवला की दुधासारखा दाट लेप तयार होतो. लेपात सुटे गार्नेट असतात आणि त्यांच्यामुळे दगड झपाट्याने पोलाद कापतो. लेप दाट तेवढा दगड वेगवान. दाट लेपावर बोथट धारेचे उतार घडवता येतात. पण त्याच सुट्या कणांमधून धार पुढे जात असते, कण तिच्यावर येऊन आदळतात आणि तिला ठरावीक मर्यादेपलीकडे तीक्ष्ण होऊ देत नाहीत. मग काय करायचं? लेप पाण्याने हळूहळू पातळ करत न्यायचा. शेवटी दगड धुऊन नुसत्या पाण्यावर पातं फिरवायचं. आता गार्नेट आपापल्या जागी घट्ट, त्यांचं थोडंसंच डोकं वर. दगड इतका संथ होतो की तो केवळ उजाळा देतो. एकाच दगडातून भरड, मध्यम आणि बारीक असे तीन दगड मिळाले ते असे.

कृती सांगतो. दाट लेपावर पात्याला बोटाचा हलका आधार देऊन पुढे-मागे घासा आणि दोन्ही बाजू सारख्या करा. पात्याच्या संपूर्ण लांबीने हातावरची लव कातडीलगत निघू लागली की उतार मिळाले असं समजा. तोवर पुढे जाऊ नका. साऱ्या कामातली खरी कसोटी हीच आहे आणि घाई नेमकी इथेच होते. पुढे दर थोड्या फेऱ्यांनी बोट बुडवून दोन थेंब पाणी घाला. आता भार अजिबात नको, पात्याचं स्वतःचं वजन पुरे. धार पुढे ठेवून पातं ढकलायचं, ढकलताना मुठीकडून टोकाकडे तिरकं सरकवायचं, कारण पातं दगडाच्या रुंदीपेक्षा लांब असतं. फेरी संपली की पातं पाठीवरून उलटायचं, धारेवरून कधीच नाही. शेवटी स्वच्छ पाण्यावर चाळीस-पन्नास हलक्या फेऱ्या आणि नंतर चामड्याचा पट्टा. पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे.

एवढं झालं की रोज पट्टा पुरतो. काही महिन्यांनी दाढी ओढल्यासारखी वाटू लागली, तर पुन्हा दाट लेपाकडे जायची गरज नाही. नुसत्या पाण्यावर थोड्या फेऱ्या दिल्या की धार परत येते. टिकवणं म्हणतात ते हे. वापरानंतर पातं पुसून पूर्ण कोरडं करा आणि पावसाळ्यात त्याला तेलाचं बोट लावा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर बाराही महिने लावा.

एके काळी हे सारं ज्ञान आपल्याकडे नाभिकांच्या धोकटीत होतं. दगड आणि पट्टा ही त्या धंद्याची हत्यारं होती. एड्स आणि काविळीसारखे रोग रक्तावाटे पसरतात हे लक्षात आल्यावर सलूनमध्ये पातं बदलायचे वस्तरे आले आणि तो बदल योग्यच होता. म्हणून घरचा वस्तराही एकाच माणसाचा असावा, वडील आणि मुलगा यांनीसुद्धा तो वाटून घेऊ नये. गावात जुने कारागीर असतील तर त्यांच्याकडे जाऊन बसा. त्यांच्या मनगटाची हालचाल एकदा पाहिलीत, तर ती माझ्या या भाषणापेक्षा जास्त शिकवेल.

खरेदीबद्दल शेवटचं. चौकोनी कापलेला मोठा दगड महाग असतो. ओबडधोबड आकाराचे तुकडेही विकायला असतात, ते पुष्कळ स्वस्त पडतात आणि काम तितकंच चांगलं करतात. पृष्ठभाग सपाट आहे आणि धार अडकेल अशी भेग नाही, एवढं पाहून घ्या. वस्तऱ्याच्या धारेला खांडं पडली असतील, तर ती आधी जाणत्या माणसाकडून भरड दगडावर काढून घ्या. त्या कामात कोटिक्यूल झिजवू नका. आणि एकदा तो घेतलात की निदान वर्षभर दुसरा दगड विकत घेऊ नका.