विकावयाचें घर



'घर पाहावें बांधून' ही म्हण आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु राहतें घर विकून पाहण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला, त्यांस तोही कांहीं कमी बिकट वाटला नसेल. कुणाची नोकरी परगांवीं जाते, कुणास मुलांजवळ जाऊन राहावयाचें असतें, कुणास दुखण्यासाठीं पैसा हवा असतो. अशा वेळीं आयुष्यांतील सर्वांत मोठी मिळकत परक्या माणसापुढें अर्ध्या तासांत मांडावयाची असते. ती कशी मांडावी, याविषयीं आज मी चार शब्द बोलणार आहें.

ज्या पलंगावर आजोबा निजत, तो आपणांस पूज्य असतो. घेणाऱ्यास तो केवळ वाट अडविणारा दिसतो. म्हणून पाहणारे येण्यापूर्वीं निदान तिसरा हिस्सा सामान बाहेर काढावें. माळ्यावरचे रिकामे डबे, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, गॅलरींतील मोडकी सायकल, यांना आधीं निरोप द्यावा. आजचा घेणारा चटईक्षेत्र विचारतो, आणि २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें त्याची व्याख्याही ठरविली आहे. परंतु कागदावरचे चौरस फूट डोळ्यांस पटावयाचे तर जमीन मोकळी दिसली पाहिजे.

दुसरी गोष्ट उजेडाची व वासाची. खिडकीपुढचें कपाट हलवावें, पडदे धुवावे, पूर्वेच्या खोल्या सकाळीं आणि पश्चिमेच्या उतरत्या उन्हांत दाखवाव्या. प्रत्येक घराला एक वास असतो व तो घरच्यांना सहसा येत नाहीं. एखाद्या स्पष्टवक्त्या स्नेह्यास बोलावून विचारावें. मोरी कोंदट असेल तर ती घासून काढावी, खिडक्या उघडाव्या. अत्तरें शिंपडूं नयेत. उग्र सुगंध आला कीं पाहणारा दुर्गंधच शोधूं लागतो.

तिसरी गोष्ट किरकोळ दुरुस्तीची. गळका नळ, न बसणारी कडी, हलणारी फरशी, यांना खर्च थोडा. पण त्यांवरून होणारें अनुमान मोठें. ज्यानें नळाचें वायसर बदललें नाहीं, त्यानें गच्चीची काळजी काय घेतली असेल, असें घेणाऱ्याच्या मनांत येतें आणि किंमत तेथेंच उतरते.

मात्र येथें एक मर्यादा आहे. भिंतीस ओल येऊन पोपडे सुटले असतील, तर त्यांवर रंगाचा हात फिरवून मोकळें होण्याचा मोह अनेकांस होतो. गच्चींतून, वरच्या मोरींतून किंवा फुटक्या नळींतून येणारें पाणी थांबल्यावांचून तो रंग फार तर पुढच्या पावसापर्यंत टिकेल. आणि प्रश्न केवळ रंगाचा नाहीं. करारांत निराळें ठरलें नसेल, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें ५५ वें कलम विक्रेत्यावर स्पष्ट बंधन घालतें. मिळकतींतील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक आहे, पण घेणाऱ्यास ठाऊक नाहीं व साधारण काळजी घेऊनही दिसणार नाहीं, तो विक्रेत्यानें सांगितलाच पाहिजे. तो न सांगणें यास कायदा कपट म्हणतो. झांकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण घराच्या व्यवहारांत ती मूठ पुढच्या श्रावणांत उघडतेच. त्यापेक्षां दोष दुरुस्त करावा. तें न जमल्यास सांगून टाकावा आणि तेवढी किंमत कमी घ्यावी. घर सजविणें म्हणजे त्याचे गुण दिसूं देणें होय. दोष पुरणें नव्हे.

घराइतकेच कागदही नीट लावावे. नोंदलेलें खरेदीखत, गृहसंस्थेचा भागदाखला, मालमत्ताकराच्या व देखभाल-वर्गणीच्या पावत्या एका फायलींत असाव्या. घेणाऱ्यानें मागतांच त्या हातीं पडल्या, तर शंभर शब्दांनीं न येणारा विश्वास येतो.

शेवटीं एक विनंती. सामान हलवितांना घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून हलवावें. तसबीर भिंतीवरून उतरवावयाची तर ती त्यांच्या देखत, नीट गुंडाळून ठेवावी. घेणारा अर्ध्या तासानें निघून जातो. आपणांस मात्र त्याच माणसांबरोबर नव्या घरीं राहावयाचें असतें.