पावसाचा नाद आणि एक्सेलचा तास

आज पाहुणा कुणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. विषय आहे शिकवण्याचा. शाळेतल्या मुलांना नाही, तर बारावी करून शेतात, दुकानात नाहीतर घरी बसलेल्या विशी-बाविशीच्या पोरापोरींना शिकवण्याचा.

अमेरिकेत अशांसाठी कम्युनिटी कॉलेज असतं. पहिलं सरकारी 1901 साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात निघालं. जवळपासच्या लोकांनी घरी राहून, काम सांभाळून, कमी पैशात शिकावं ही कल्पना. आपल्याकडे यूजीसीने बाराव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे 2012 ते 17 मध्ये, याच नावाची योजना आणली. पण आमच्या वरवट बकालसारख्या गावात हे काम प्रत्यक्षात करतात ते कॉम्प्युटर क्लास, मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं आणि आयटीआय. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. गावी आलो की शनिवार-रविवार अशाच एका वर्गात एक्सेल शिकवतो, एरवी ऑनलाइन.

आता एक्सेल कसं शिकवतात तुम्हाला माहीत आहे. मार्कशीट करा. राम, श्याम, सीता, गीता, पाच विषय, बेरीज, टक्केवारी, पास-नापास. राम कुणाचा कोण नाही, त्याला गणितात 72 पडले काय अन् 27 पडले काय, कुणाला फरक पडत नाही. सूत्र पाठ होतं, परीक्षा होते, सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये जातं.

मला पावसाच्या आकड्यांचा नाद आहे. लहानपणापासून. आजोबा कॅलेंडरवर पावसाच्या दिवशी खूण करायचे, मी ती मोजायचो. पुण्यातही सकाळी उठून आधी रडार बघतो, मग ऑफिसचे मेसेज. तर म्हटलं, मार्कशीट सोडा, पाऊस घेऊ.

दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्यायची. सरळ अंगाची, कंबर असलेली नको. वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवला की झाली गाळणी. बुडाशी खाचखळगे असतात, म्हणून थोडे खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची खूण करायची. वर पट्टी चिकटवायची. झाडाखाली नाही, भिंतीलगत नाही, पत्र्याच्या पागोळ्या पडतील तिथे तर अजिबात नाही. सकाळी साडेआठला वाचायची, कारण हवामान खातंही साडेआठलाच वाचतं. फोटो काढायचा, आकडा गूगल शीटमध्ये टाकायचा, पाणी परत शून्यावर आणायचं. खर्च शून्य रुपये.

एका पोराने अरुंद बाटलीवर दहा सेंटिमीटर तोंडाची चाडी बसवून आणली. आता पट्टी चालेना. मग बसलो सगळे. तोंडाचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक मिलिमीटर पावसाला जवळपास आठ मिली पाणी. फवारणीच्या औषधाचं माप घेऊन मोजलं. दहावीनंतर पहिल्यांदा पाय आर वर्ग कुणाच्या तरी कामी आला. त्याच तासाला आणखी एक हिशेब निघाला: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. एकराला 4047 चौरस मीटर. 65 मिलिमीटर पडला तर एका एकरात 2 लाख 63 हजार लिटर. दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर! वर्गात दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग मागून एक जण म्हणाला, "म्हणूनच बांध फुटते ना बाप्पा."

ही पद्धत काही मी शोधली नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातलं मोठं पद सोडून तिथे गेले आणि 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुलं वर्षभर राहतात आणि वेल्डिंग, वीज, शेती, जनावरं, रक्ततपासणी असं सगळं हाताने करतात. गावाचं खरं काम घेतात, त्याचे पैसेही घेतात. 2002 साली एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅब उभी राहिली, एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. कलबागांचा एक आग्रह मला फार पटतो: शिकवणारा स्वतः त्या कामात उद्योजक असावा. ज्याला स्वतःला त्या गोष्टीचं वेड आहे, ज्याचे स्वतःचे हात त्यात बुडालेत, तो शिकवताना पुस्तकाकडे बघत नाही.

लोकांना मात्र यातलं यंत्र तेवढं दिसतं. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा सगळीकडे क्यूआर कोडच गाजला. त्यांनी पुस्तकं मुलांच्या मातृभाषेतही नेली होती, ते कमी जणांच्या लक्षात राहिलं. नुसता कोड चिकटवायला काय, बिस्किटाच्या पुड्यावरही असतो.

अर्थात माझा नाद पोरांनी का सोसावा? हा प्रश्न बरोबर आहे. चार-पाच जणांना पावसात काडीचा रस नव्हता. त्यातली एक शिवणकाम करते. तिने शीटमध्ये मापं टाकून कापड किती लागेल त्याचं सूत्र बसवलं, आता गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या सांगते. एक भजनी मंडळात पखवाज वाजवतो. त्याला जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे फुकटचं ॲप दिलं, मोबाईलच्या माइकवर आवाजाची वारंवारता दाखवतं. डाव्या पुडीला कणीक लावण्याआधी आणि लावल्यानंतर त्याने मोजलं. वजन वाढलं की पुडी सावकाश हलते, आवाज खाली येतो, आलेख डावीकडे सरकतो. त्याच्या गुरूला हे कानाने माहीतच होतं, पण आलेख बघून म्हातारबुवा खूश झाले आणि "अजून थोडी कणीक लाव, पाहू" म्हणत तासभर बसले.

आता खरा मुद्दा. पाऊस मोजायला लागून महिना झाला तेव्हा एकाने विचारलं, "दादा, हे मोजून काही भेटते काय?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. जुलै 2023 मध्ये आपल्या संग्रामपूर तालुक्यात आणि जळगाव जामोदकडे ढगफुटीसारखा पाऊस झाला, ते कुणी विसरलेलं नाही. सरकारी हिशेबात महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी. मंडळ म्हणजे पुष्कळ गावं, आणि आकडा बहुतेक एका केंद्रावरचा. आमच्या शीटमध्ये पाच-सहा किलोमीटरवरच्या दोन बाटल्यांत एकाच सकाळी 12 आणि 41 असा फरक आला होता. मग या पोराच्या वावरात नाल्याचं पाणी शिरून कपाशी झोपली, आणि मंडळाचा आकडा 65 च्या खाली.

मी त्याला सरळ सांगितलं की नाही, बाटलीच्या आकड्यावर कुणी पैसे देत नाही. तो कायद्याने पुरावा नाही आणि आपण तसं भासवूही नये. पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक करतात, नुकसान 33 टक्क्यांच्या वर लागतं. 2023 च्या पीकविम्यात शेत पाण्याखाली गेलं तर 72 तासांच्या आत कळवायचं होतं. हे नियम बदलत राहतात, त्या त्या हंगामाचा जीआर स्वतः वाचा, व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डवर जाऊ नका.

तो जरा हिरमुसला. पण पुढचा तास त्याच्याच अर्जावर गेला. तारीख, गट नंबर, पेरा किती, किती एकरात पाणी, वेळ आणि ठिकाण उमटलेले फोटो. कृषी सेवा केंद्रात काम करणाऱ्या एका पोरीने सुचवलं की आजूबाजूच्या पाच गावांचं त्या दिवशीचं कोष्टकही मागे जोडावं, "विद्यार्थ्यांनी घेतलेल्या नोंदी" असं स्पष्ट लिहून. पुरावा म्हणून नाही, निदान कुणी येऊन वावर बघावं म्हणून. इफचं सूत्र त्या दिवशी मला शिकवावंच लागलं नाही, 65 च्या वरच्या ओळी त्यांनीच लाल केल्या.

तहसीलला अर्ज दिला, पोच घेतली. पाहणी झाली, पुढचं काही कळलेलं नाही. पोचेचा फोटो त्याच शीटमध्ये ठेवलाय, शेजारच्या कॉलममध्ये तो पोरगा दर सोमवारी "विचारलं" असं लिहितो.

सध्या अकरा बाटल्या आहेत. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या गावांतून एकही नाही, आणि पूर तर तिकडूनच येतो. तुम्ही त्या बाजूचे असाल तर एक बाटली कापा आणि साडेआठला उठा. चला, भेटू पुढच्या भागात.